मधला जोड

सकाळचा उजेड जिन्याच्या उंच खिडकीतून आत आला, पण थेट खाली उतरला नाही. आधी कठड्यावर रेलला, तिथली धूळ निरखली. मग कुणाची झोप मोडू नये अशा बेताने एकेक पायरी उतरत तळमजल्याच्या फरशीवर आला आणि लांबट, फिकट पट्टा होऊन पडून राहिला. मामा पाच वाजल्यापासून त्याची वाट पाहत होता. त्याला बसवत नव्हते आणि उभेही राहवत नव्हते. नऊ वाजता शाळेत नमुना पाठ द्यायचा होता, विषय : मध्यक. पाठ जमला तर नोकरी, नाहीतर बहिणीच्या घरी आणखी एक वर्ष पाहुणचार.

नववीतल्या भाचीचा गृहपाठही नेमका तोच होता : तीस शेजाऱ्यांच्या बुटांची मापे विचारा आणि मध्यक काढा. तीस जणांना पायाचे माप विचारायचे, या नुसत्या कल्पनेने मामाच्या तळव्यांना घाम फुटला. त्यापेक्षा दारांबाहेरच्या रॅकमधले मोजून तीस जोड गुपचूप खाली आणावेत, चढत्या क्रमाने उजेडात मांडावेत आणि भाचीला मध्यक डोळ्यांनीच दाखवावा, हे त्याला सोपे वाटले. सात वाजता रांग सजली.

"जो मधोमध, तो मध्यक," सोळाव्या जोडावर बोट ठेवून मामा म्हणाला. "याच्या डावीकडे किती?"

"पंधरा."

"उजवीकडे?"

"चौदा. पण मामा, तीस म्हणजे..."

"चौदा? चौदा कसे?" मामाचा चेहरा उतरला. "म्हणजे एक जोड गेला! चोरी झाली!"

"अरे, ऐक ना, तीस ही..."

"तू गप्प बस गं!"

चोरी या शब्दाने जे केले, ते कुठल्याही गजराला जमले नसते. माणसे जिन्यावरून भराभरा उतरली, सगळी अनवाणी.

"माझे बूट द्या हो!" पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर ओरडले. "तिकडे पेशंट आ वासून बसलाय!"

"हात लावू नका! क्रम मोडेल!" एरवी ज्याचे बोलणे समोरच्याला दोनदा विचारावे लागे, तो मामा गरजला.

"अरे, काय मांडलंयस हे?" ताईने कपाळावर हात मारला. "अख्ख्या बिल्डिंगीला अनवाणी केलंस!"

"ताई, गणित खोटं बोलत नाही."

गणित खोटे बोलत नसेल, तर मग एखादा माणूस बोलत असणार. नजरा फिरल्या आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या वॉचमनच्या पायांवर जाऊन थांबल्या. त्या घटकेला सगळ्या इमारतीत तेवढेच पाय झाकलेले होते.

"काढा ते," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, माझेच आहेत. डाव्याचा टाका बघा, माझ्या हातचा आहे."

"काढा म्हटलं ना!"

वॉचमनने वाकून नाड्या सोडल्या. माप दहा. मामाने ते बूट रांगेच्या उजव्या टोकाला ठेवले आणि पुन्हा मोजले. डावीकडे पंधरा, उजवीकडे पंधरा.

"बसलं!" तो आनंदाने ओरडला.

"म्हणजे चोर घरचाच!" डॉक्टर म्हणाले. "आजच्या आज काढून टाका याला."

वॉचमन पायांची बोटे आखडून उभा होता.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई खाली आल्या. खांद्याला पर्स, हातात छत्री, पाय मोकळे.

"नऊचा पाठ तुमचाच ना?"

"हो, मॅडम."

"मग एकच विचारते. तुम्ही जोड आणलेत किती?"

"तीस."

"यांचे बूट येण्याआधी इथे होते किती?"

मामाने भाचीकडे पाहिले. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. तिला गप्प बसायला सांगितले होते. त्याने मनातल्या मनात बेरीज केली. डावीकडचे पंधरा, उजवीकडचे चौदा, आणि बोटाखालचा एक.

उजेडाचा पट्टा एव्हाना सरकत पंधराव्या आणि सोळाव्या जोडांच्या मधल्या फरशीवर आला होता. इकडे सात नंबर, तिकडे आठ. मध्ये काहीच नव्हते, कधी नव्हतेच.

मामाने दहा नंबरचे बूट दोन्ही हातांनी उचलले आणि वॉचमनच्या पायांपाशी नेऊन ठेवले.

"काका, चुकलं माझं."

"अहो, मग गेलेला जोड?" डॉक्टरांनी विचारले.

"गेला नाही," मामा खाली मान घालून म्हणाला. "तीस ही सम संख्या आहे."