बिनदाढीचा वॉर्ड

"काही होणार नाही, सिस्टर! बाबा फक्त शेजारच्या आजोबांची दाढी करतील. तीही मशीनने. मी समोर बसते ना!" लेकीने छातीठोकपणे सांगितलं. बाबांचा तो शेवटचा दिवस होता, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक!

गावातल्या लहानशा दवाखान्यामागे म्हाताऱ्या माणसांसाठी एक लांबट खोली होती. तिथे आल्यापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. उभा जन्म त्यांनी लोकांच्या दाढ्या केल्या होत्या; लेक शहरात जाईपर्यंत तिचे केसही तेच कापत. आता हात असा थरथरायचा की चमच्यातलं निम्मं सूप उशीच पिऊन टाकायची. "हात गेला, म्हणजे मी गेलोच की," एवढंच ते म्हणत. लेकीला त्यांना एकदा, फक्त एकदा, ताठ उठून बसलेलं पाहायचं होतं.

बाबांनी लेकीने आणलेल्या नव्याकोऱ्या मशीनकडे असं पाहिलं, जणू आचाऱ्याच्या हातात कुणी डबाबंद भाजी ठेवली होती! पण उठले.

नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी लेकीला गोळ्या आणायला बाजारात पिटाळलं. दुकानात ही गर्दी! ती धापा टाकत परतली आणि दारातच थबकली. तिला वाटलं, आपण वॉर्ड चुकलो. खाटाखाटांवर गुळगुळीत चेहरे, उकडलेली अंडी मांडून ठेवल्यासारखे! आणि शेवटच्या खाटेशी, ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरून उचललेलं रेझर स्थिर हाताने धुवत, बाबा उभे!

"बाबा! मशीन कुठंय?"

"उशीखाली. सुखरूप आहे."

इथवर ठीक होतं. पण या वॉर्डाची एक गंमत होती. मनगटावरच्या नावाच्या पट्ट्या खाजतात म्हणून सगळ्या आजोबांनी त्या काढून खिडकीच्या गजांना बांधल्या होत्या, खाटाही ते मनाला येईल तशा बदलत, आणि सिस्टर दाढीमिश्यांवर काम चालवत होत्या. झुपकेदार मिशी म्हणजे बिनमिठाचं जेवण. बोकडदाढी म्हणजे साखरेची गोळी. छातीपर्यंत दाढी म्हणजे एक्स-रे!

संध्याकाळच्या सिस्टर आत आल्या आणि जागीच खिळल्या.

"अगं बाई! माझे पेशंट कुठे गेले?"

"हे काय, आम्ही!"

"आम्ही म्हणजे कोण? बिनमिठाचं कुणाला?"

कुणाचाही हात वर होईना.

"दूध आणि केळं कुणाला?"

सगळ्यांचे हात वर!

तेवढ्यात मिशीवाल्या आजोबांची बायको डबा घेऊन आली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याचा वरचा ओठ पाहिलाच नव्हता. अंदाजाने ती एका खाटेवर टेकली आणि घास भरवता भरवता सुरू झाली. "अहो, छप्पर गळतंय, कोंबड्या अंडी देत नाहीत, आणि तुम्ही इथे खुशाल लोळताय!" खाटेवरचे आजोबा ठार बहिरे. ते मुकाट्याने जेवत होते आणि प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते.

"आज पहिल्यांदा माझं ऐकून घेतलंत हो!" तिचे डोळे भरून आले.

शेजारच्या खाटेवर तिचा खरा नवरा चादरीत शिरला होता. "सांगू नका, सिस्टर," तो कुजबुजला. "तिघंही सुखात आहोत!"

पण चादरीत धूळ होती. त्याला दणदणीत शिंक आली.

"ही शिंक माझ्या घरातली!" म्हातारी ताडकन उठली. डबा कलंडला, ट्रॉली घरंगळली, सिस्टर किंचाळल्या आणि त्या गोंधळात मोठ्या सिस्टर कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"हा उद्योग कुणाचा?"

"माझा," बाबा म्हणाले. "पण रागवण्याआधी कुणाला कापलंय का, तेवढं बघा."

मोठ्या सिस्टरांनी चष्मा चढवला. एकेक हनुवटी धरून त्या पार शेवटच्या खाटेपर्यंत गेल्या. लेक त्यांच्या मागोमाग प्रत्येक गाल न्याहाळत होती. एक ओरखडा निघाला असता, तर बाबा पुन्हा भिंतीकडे वळले असते, ते कायमचे.

"नाही," मोठ्या सिस्टर हळूच म्हणाल्या. "कुणालाच नाही." मग भानावर येऊन ओरडल्या, "पट्ट्या बांधा सगळ्यांना! आत्ताच्या आत्ता!"

बाबा खाटेवर ताठ बसले होते. हात पुन्हा थरथरू लागला होता, पण त्याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

लेकीच्या ओठांशी बरंच काही आलं. पण त्यांच्या घरात मनातलं बोलायची रीत नव्हती. "पाहिलं," ती म्हणाली. "पांघरूण घ्या आता."

पहाटे, झोपेतच, बाबा गेले.

सकाळी सगळे आजोबा खाटेभोवती जमले. तुकतुकीत गालांवरून पाणी सरळ खाली ओघळत होतं, अडवायला काही उरलंच नव्हतं. म्हातारी या वेळी बरोबर स्वतःच्या नवऱ्याशेजारी उभी होती.

"पोरी, काही बोलायचं असेल तर बोलून घे," ती म्हणाली. "आम्ही बाहेर जातो हो."

कुणीही जागचं हललं नाही. बहिऱ्या आजोबांनी तर कानामागे हात धरला!

लेकीने बाबांच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "बाबा, शहरात इतकी दुकानं पालथी घातली, पण माझे केस तुमच्यासारखे कुणालाच कापता आले नाहीत हो. कधीच नाही!"