भालेराव काकांचं परराष्ट्र धोरण

आमच्या शेजारच्या भालेराव काकांना चहा घेणार का असं विचारलं, तर ते "हो" म्हणत नाहीत आणि "नाही"ही म्हणत नाहीत. ते म्हणतात, "प्रस्ताव विचाराधीन आहे." मग आपण चहा करायचा, समोर ठेवायचा आणि ते तो पितात. कप रिकामा झाला तरी काकांनी होकार दिला होता, असं कुणाला सिद्ध करता येत नाही.

याला जबाबदार आहे इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी. काका मूळचे नागपूरचे, पेशाने इंजिनिअर, पण परदेशी, इथे अप्पर हट गावात येऊन जमाना झाला. निवृत्त झाले आणि त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. घर खायला उठायचं, म्हणून ते लायब्ररीत जाऊन बसायला लागले. तिथे हीटर चांगला होता. हीटरशेजारचं कपाट नेमकं इंग्लंडच्या जुन्या राजेराण्यांचं निघालं. "ते कपाट पाककृतींचं असतं तर आज तुम्हाला सुरळीच्या वड्या मिळाल्या असत्या," असं काका म्हणतात. "तुमचं नशीब."

त्या कपाटाने आमच्या गल्लीचा नकाशा बदलला. डावीकडचा ग्रॅहम म्हणजे स्पेन, कारण त्याच्याकडे बोट आहे. मागच्या घरातला कुत्रा म्हणजे स्कॉटलंड. आपलं लक्ष पुढे असलं की हा मागून आत येतो. उजवीकडे मी, म्हणजे फ्रान्स. पुण्याहून शिकायला आले, इथेच नोकरीला लागले आणि घर घेतलं, तर पहिल्याच दिवशी काका गुलाबजामांचं पातेलं घेऊन दारात उभे.

"आठवा हेन्री फ्रान्सच्या राजाला भेटायला गेला, तेव्हा त्याने सोनेरी कापडाचे तंबू ठोकले होते. माझ्याकडे गुलाबजाम आहेत."

"मग पुढे काय झालं?" मी विचारलं.

"दोनेक वर्षांत लढाई. तोवर गोड खाऊन घ्या."

लढाई काही झाली नाही. ग्रॅहमशी मात्र शीतयुद्ध चालू होतं. रस्त्यावर ट्रेलरवर उभी असलेली त्याची बोट निम्मी काकांच्या फाटकासमोर यायची. काका रोज सकाळी खिडकीतून पाहून सांगायचे, "स्पेनचं आरमार, आर्माडा, अजून बंदरातच आहे." एकदा असा वारा सुटला की बोटीवरची ताडपत्री उडून थेट काकांच्या टोमॅटोंवर पडली. काका आनंदाने अंगणात नाचायचेच बाकी होते. "पाहिलंत? स्पेनचं आरमार चालून आलं तेव्हा राणीलाही वाऱ्यानेच हात दिला होता!" मग त्यांनी ती ताडपत्री स्वच्छ पुसली, चौकोनी घडी घातली आणि चिवड्याच्या डब्यासह ग्रॅहमला नेऊन दिली. ग्रॅहम "स्वीट ॲज, मेट!" म्हणजे इथल्या भाषेत "झकास, मित्रा!" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी बोट चार हात मागे सरकली. काकांनी याला तह म्हटलं.

काकांची मुलगी सुजाता ख्राइस्टचर्चला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. परवाच्या मार्चमध्ये ती दोन दिवसांसाठी आली आणि कुंपणापाशी मला गाठलं.

"ताई, तुम्ही तरी विचारा ना. आमच्या घरी राहायला या, असं बाबांना तीन वर्षं सांगतेय. खोली तयार आहे. दर रविवारी फोनवर विचारते. दर रविवारी एकच उत्तर, 'बोलणी चालू आहेत.' अहो, मी काय करायचं?"

संध्याकाळी काका वाफ्याला पाणी घालत होते. मी सरळ विचारलं. त्यांनी आधी राणीला पुढे केलं. स्पेनचा राजा, ऑस्ट्रियाचा राजपुत्र, फ्रान्सचा राजपुत्र, सगळ्यांना तिने लग्नाच्या आशेवर कसं वर्षानुवर्षं झुलवलं, वगैरे.

"पण का झुलवलं?" मी म्हटलं.

"आशा होती तोवर त्या राजांचे वकील येत राहिले, पत्रं येत राहिली." नळीचं पाणी एकाच टोमॅटोवर पडत राहिलं. "मी 'हो' म्हटलं, तर सुजाताच्या घरातली एक खोली होऊन जाईन. 'नाही' म्हटलं, तर विषय संपला. मग दर रविवारी फोन कशाला करेल ती?"

मी म्हटलं, "हे तिला सांगितलंत?"

"परराष्ट्र धोरणात असं सांगत नसतात."

"काका, सुजाता परराष्ट्र आहे का?"

त्यांनी नळ बंद केला आणि घरात निघून गेले. मला वाटलं, झालं, फ्रान्सशी संबंध तुटले.

दुसऱ्या दिवशी सुजाता विमानतळाकडे निघाली. गाडीत बॅग ठेवून झाली आणि काका एकदम म्हणाले, "सुजाता, मी नाही येत. मला इथेच राहायचंय. नाही."

"ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. गळ्यात पडली आणि गेली.

तो आठवडा काकांनी ना स्पेनचं नाव घेतलं ना स्कॉटलंडचं. कुत्रा दोनदा आत येऊन गेला, तरी काही बोलले नाहीत. रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "ऋतुजा, जरा येतेस का?" मला त्यांनी नावाने हाक मारल्याची ही पहिलीच वेळ, आणि अगंतुगंची सुद्धा.

काका इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले होते. समोर फोन. सुजाताची वेळ अकराची. अकरा वाजले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी उगाचच वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत राहिले. काकांनी शर्टाची बाही दुमडली, सोडली, पुन्हा दुमडली.

सव्वा अकराला फोन वाजला.

"बाबा, सॉरी हं! कणीक मळत होते, हात बरबटले होते. ऐका ना, काल काय झालं..."

मग अर्धा तास तिच्या वॉर्डातली गंमत, मुलीचा पोहण्याचा वर्ग, बिघडलेलं डिशवॉशर. काका "हं", "हं का?", "मग?" एवढंच म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला.

"आज तिला काही विचारायचं नव्हतं," ते म्हणाले. "तरी अर्धा तास बोलली."