कॉल पुढे वळवण्यात येत आहे

फोन हा उचलण्यासाठी असतो, असा एक बाळबोध समज समाजात अजून टिकून आहे. सुधारलेल्या कचेरीत फोन वळवण्यासाठी असतो. उचललेला फोन एकाच माणसाचा वेळ खातो; वळवलेला फोन कोणाचाच खात नाही. (ज्याने केला त्याचा खातो, पण तो कचेरीचा माणूस नव्हे.)

पाणीपुरवठा कचेरीत ही सोय हेडक्लार्कसाहेबांनी आणली. पूर्वी लाईन बिझी असली की नुसतं टूं टूं ऐकू यायचं. आता बिझी लाईनवरचा फोन आपोआप पुढच्या टेबलावर जातो. तक्रारीचा दुरुस्तीकडे, दुरुस्तीचा भांडारात, भांडाराचा हिशेबाकडे आणि हिशेबाचा, शिस्त म्हणून, परत तक्रारीकडे. शिवाय प्रत्येक फोनला 'बिझी' नावाचं बटण आहे. माणूस मोकळा असला तरी लाईन बिझी असू शकते, हे तत्त्व कर्मचाऱ्यांनी एका दुपारीत आत्मसात केलं. न उचललेल्या फोनांचं प्रमाण तेव्हापासून शून्य आहे. सगळे वळलेले.

परवा शिवणकाम करणाऱ्या एका मावशींच्या दारात नळ फुटला. घरात एकट्या, त्यात लोखंडी पायांचं शिलाई मशीन. घर त्याच्यावरच चालतं आणि ते एकटीला हलत नाही. पाणी उंबरा चढलं तसा मावशींनी फोन लावला. तो चारही टेबलांना प्रदक्षिणा घालून तक्रार विभागात परत आला, तर लाईन बिझी. या खेपेस मात्र खरोखर बिझी. तिच्यावर मावशीच होत्या.

अशा दुर्मीळ प्रसंगासाठी साहेबांनी दूरदृष्टीने स्वतःच्या घरचा नंबर जोडून ठेवला होता. वहिनींनी उचलला.

"अहो, कितीदा सांगितलं, डाळ शिजत असताना फोन करू नका!"

"बाई, मी शिवणवाली मावशी! पाणी घरात शिरलंय, माझं मशीन बुडतंय हो!"

"अगं बाई! मग ऑफिसात सांगा ना."

"तिथूनच तर आले मी!"

"यांचं हे असंच. लग्न झाल्यापासून मलाही पुढच्या टेबलावर पाठवतात." वहिनी हळहळल्या. "थांबा, यांनी अडीअडचणीला म्हणून आणखी एक नंबर लावून ठेवलाय. त्यावर देते. तो माणूस अगदी रिकामा असतो म्हणे."

तो नंबर साहेबांनी फार विचारपूर्वक निवडला होता. कामातला माणूस फोन वळवतो, हे त्यांनी स्वतःवरून ओळखलं होतं. म्हणून भरदिवसा बसून असल्या गोष्टी वाचायला ज्याला सवड आहे, असा एक जबाबदार नागरिक त्यांनी हेरून ठेवला.

मघाशी तुमचा फोन वाजला तो हाच. अनोळखी नंबर दिसला, "कोण असणार, कर्जवाले!" असं पुटपुटत तुम्ही तो कापलात आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतलात.

पाणी पायडलच्या वर गेलं आहे. आणि तुमचा उरक पाहून साहेबांनी तुमची कचेरीत कायम नेमणूक करायची शिफारस केली आहे.