गोदी रिकामी करणारे दामलेकाका

दामलेकाकांकडे जेवायला गेलं की आधी गाडी उलटी लावायची. काका स्वतः भर पावसात ड्राइव्हवेत उभे! "नाक रस्त्याकडे! निघायची तयारी आधी!" आमचे हे वैतागायचे. "अहो काका, आमटी प्यायला आलोय, दरोडा घालायला नाही."

तेव्हा आम्ही इंग्लंडात, साउथहॅम्प्टनला, त्यांच्यापासून दोन मैलांवर राहत होतो. काका एका शिपिंग ऑफिसात नोकरीला होते आणि आठवड्यातून एक संध्याकाळ नेव्हीला द्यायचे. म्हणजे नेव्हीच्या मदतीला असलेल्या स्वयंसेवकांच्या तुकडीला. बंदूक नाही, पगार नाही, गणवेश मात्र होता, आणि तोही दोन साइज मोठा!

एकदा जेवताना मीच विचारलं, "करता काय हो तिथे?" झालं! काकांनी माझं ताट पुढे ओढलं.

"सुधा, ही गोदी. ह्या वाट्या म्हणजे जहाजं. पूर्वी आमचे लोक किनाऱ्यावर बसून शत्रूचे सुरुंग पाण्यात कुठे पडतात ते बघायचे. आता भीती अणुबॉम्बची, तो गोदीवरच पडणार. इशारा आला की आम्ही जहाजांवर चढायचं आणि एकूण एक जहाज समुद्रात न्यायचं." माझी आमटी मिठाच्या बरणीपाशी जाऊन थांबली.

नलूकाकू पोळी वाढत होत्या. "आणि मी कुठाय ह्यात?"

काकांचं बोट रिकाम्या ताटावर थांबलं.

"ताटातच ना?" काकू हसल्या. आम्हीही हसलो. काका मात्र तसेच उठले, हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

त्यानंतर माणूस आतून पार पोखरला गेला. बातम्यांत रशियाचं नाव निघालं की चेहरा पांढराफटक. सरावाला जाताना माझ्या दाराशी येऊन म्हणायचे, "हिच्याकडे बघशील ना गं?"

"काकूंना बरोबर न्या की!"

"घरच्यांना नेता येत नाही."

"मग सोडा ना ती तुकडी!"

"शब्द दिलाय गं. आणि जहाजांवर माणसं असतात." मला इतका राग यायचा! बायकोपेक्षा परक्यांची जहाजं जड?

नव्वदच्या दशकात सोव्हिएत रशियाच फुटला आणि सरकारने तुकडी बंद केली. शेवटच्या परेडला आम्हीही गेलो. झेंडा उतरला, म्हातारे गोरे डोळे पुसत होते, आणि काका तर ओक्साबोक्शी रडत होते.

मी म्हटलं, "काका, वाईट वाटणारच हो."

"वाईट कसलं? सुटलो!" त्यांनी काकूंच्या कोटाची बाही घट्ट धरली होती. "इतकी वर्षं झोप नाही मला. नलू, खरं सांगतो, इशारा आला असता ना, तर मी गेलोच नसतो."

काकूंनी पर्समधून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

"गेला असतात," त्या म्हणाल्या. "आणि मी डबा करून दिला असता."