कोंगमेंगच्या तोंडून कोण जेवतं

डुकराच्या मांसाबरोबर उकडलेली मोहरीची पानं. शाळेतला वजनकाटा. बर्फाने बुजलेली खिडकी. रिकाम्या खुर्चीसमोर वाफाळता भात. मधुमेह.

यातलं पानियाला दिसत होतं फक्त शेवटचं. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाची, कोंगमेंगची, साखर काठावर आली होती.

"लाओसमधून अमेरिकेत आलेल्या तुम्हा ह्मोंग लोकांच्या पोरांची वजनं-उंच्या मोजण्यात माझी नोकरी संपत आली," शाळेच्या नर्स लिंडक्विस्टबाई म्हणाल्या. "तुझंही वजन मीच केलं होतं, काडी होतीस. नंतरची पोरं उंच झाली, बरं वाटलं. आताची आडवी वाढतात. पण हा वाढत नाहीये गं. पोतं भरावं तसा भरतोय. पुढच्या तपासणीपर्यंत वजन उतरलं नाही, तर गोळ्या सुरू."

घरी येऊन पानियाने सासूला सांगितलं, तर सासू चक्क लाजली.

"अगं बाई. म्हणजे तुझे सासरेच."

झालं होतं असं. नववर्षाच्या जेवणाला सासूने भात मांडला, त्यात चमचा खोवला आणि नावं घेत पितरांना, आपल्या वारलेल्या नवऱ्यालाही, हाका मारू लागली. हाका संपेपर्यंत कुणी घास उचलायचा नसतो. भुकेल्या कोंगमेंगने तोच चमचा उचलला आणि घास घेतला. सगळे हसले. सासू तेवढी हसली नाही.

तेव्हापासून पोरगा तो चमचा सोडेना. जेवायला बसला की म्हाताऱ्यासारखा घसा खाकरायचा, चिमटीत मीठ धरून चाटायचा. पिझ्झ्यावर ठेचलेली मिरची मागायचा. तीन ताटं झाल्यावर टोकलं, तर डोळे मोठे करून म्हणायचा, "मी? आई, मी तर अजून जेवलोच नाही."

आणि सासू रोज संध्याकाळी चांदीची नाणी लावलेलं ठेवणीतलं जाकीट घालून टेबलाशी बसायची.

"आई, घरातल्या घरात हे कशाला?"

"ते येतात ना जेवायला."

पानियाने यावर नेटका उपाय काढला. पोराला एकच वाटी. त्याने दुसरी वाढून घेतलीच, तर हातातला चमचा काढून घेऊन ती वाटी आपणच संपवायची. अन्न टाकायचं कसं? पोराचं वजन थांबलं. पानियाच्या जीन्सचं बटण उडालं. एका संध्याकाळी ती भानावर आली, तेव्हा फ्रिजसमोर उभी होती. तळहातावर मीठ होतं, आणि तिच्या घशातून कुणीतरी जाड आवाजात खाकरलं.

सासूने पाहिलं आणि पातेलं आपटलं.

"अहो! सुनेच्या तोंडून? नातवाचं मी चालवून घेतलं. आता भाऊबंदांना काय तोंड दाखवू? निघा आधी!"

'आई, मला भीती वाटतेय,' असं पानियाला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "मीठ कमी आहे."

शनिवारी लिंडक्विस्टबाई घरात काय शिजतं ते बघायला आल्या. दारात आलेल्या कुणालाही म्हणतात तसं सासू म्हणाली, "या, जेवायला बसा." बाई आधी नको म्हणाल्या. मग वाईट दिसायला नको, म्हणून त्यांनी समोरचा तोच चमचा उचलला.

पानियाने हात पुढे केला. सासूने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला.

"अजून घ्या ना," सासू मधाळ आवाजात म्हणाली.

पुढच्या तपासणीत कोंगमेंगचं वजन उतरलं. साखरही काठावरून मागे सरली. पानिया तिथेच रडली. लिंडक्विस्टबाईंनी तिची पाठ थोपटली, घसा खाकरला आणि कोटाच्या खिशातून मिठाची पुडी काढली. कोटाची बटणं लागत नव्हती.

"घरी मिरची ठेचलेली असेल का गं?" त्यांनी विचारलं. मग खालच्या आवाजात, "आणि त्यांचे गुडघे कसे आहेत आता?"

पानियाने सासूच्या गुडघ्यांबद्दल शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं.

ती घरी आली तेव्हा सासू जाकीट चढवून डबा भरत होती. थरावर थर.

"कुठे निघालात, आई?"

"शाळेत. बाई बिचाऱ्या एकट्याच जेवतात."

"त्या पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत."

"बरंच झालं की. घाई नाही मग जेवायची."

लाओसमधून पळताना, मेकाँग नदीच्या अलीकडे, जंगलात, कोंगमेंगच्या आजोबांनी आपल्या वाट्याचा भाताचा गोळा बायकोला दिला, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते; नदीपलीकडे ते पोचलेच नाहीत. तो गोळा तिने खाल्ला.