गच्चीवरचं ओलं ध्यान

"आज डोळे उघडलेस ना तेजल, तर उद्यापासून वर यायचंच नाही!" वत्सलाबाई म्हणाल्या आणि गच्चीवर मांडी घालून बसलेली अख्खी सोसायटी तेजलकडे बघायला लागली.

तेजलने मान डोलावली. तिला खरंच ध्यान शिकायचं होतं. दहावीचं वर्ष, आणि डोकं म्हणजे नुसता सीबीएसचा गजबजलेला बसस्टँड! गणित सोडवायला घेतलं की मध्येच मिसळ आठवायची, मग रुसलेली मैत्रीण, मग डायनासोरला गुदगुल्या होत असतील का, हा प्रश्न. इंदिरानगरात दुसरं कोण असं फुकट आणि प्रेमाने शिकवणार होतं?

वत्सलाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा नियम एकच. "विचार आला की त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत. नमस्कार करायचा आणि पुढे पाठवायचा. मग तो कितीही महत्त्वाचा वाटो!"

तेवढ्यात तळमजल्यावरच्या नवसाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही बसलाच हाय तर माझ्या कुरडयांवर नजर राहू द्या. आमच्या पल्लवीच्या रुखवताच्या हायेत. गहू भिजवून, चीक काढून कंबर गेली माझी. परवा लग्न हाय, पुन्हा नाय व्हायच्या."

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टिकवर पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या कुरडया पसरल्या होत्या. नुकत्याच घातलेल्या, अजून ओल्या. "हो हो, बघतो ना," असं म्हणून सगळ्यांनी डोळे मिटले. नवसाबाई निश्चिंत मनाने खाली गेल्या.

सगळ्यात शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी सोमनाथकाका धापा टाकत आले. "टाकीची मोटर लावून आलो," म्हणाले आणि तेही डोळे मिटून बसले.

थोडा वेळ शांततेत गेला. मग तेजलचं डोकं सुरू झालं.

"कुठेतरी पाणी पडतंय."

"नमस्कार," तेजल मनात म्हणाली.

"अगं, अगदी जवळ पडतंय."

"नमस्कार म्हटलं ना! पुढे जा."

"बूड ओलं झालंय."

तेजल दचकली. खरंच झालं होतं! पण डोळे उघडले तर ध्यान संपलंच. आणि लोकांना काय वाटेल, हा प्रश्न तर आणखी भयंकर! तिने दात आवळले. "बूड ओलं झालं तरी नमस्कार!"

"बरं. पण गच्चीचा उतार कुणीकडे आहे?"

"कुरडयाऽऽऽ!" तेजल किंचाळली.

फटाफट सगळ्यांचे डोळे उघडले. टाकी बदाबदा वाहत होती, आणि पाणी कुरडयांच्या प्लास्टिकपासून वीतभरावर आलं होतं. तेजलने धावत जाऊन एक टोक पकडलं, शेजारी बसलेल्या पूजाकाकूंनी दुसरं, वत्सलाबाईंनी पदर खोचून तिसरं. सोमनाथकाका ओला पायजमा सावरत मोटर बंद करायला पळाले. आरडाओरडा ऐकून नवसाबाई वर आल्या, तेव्हा कुरडया उंच ओट्यावर सुखरूप होत्या. काठावरच्या दोन-चार गुलाबी तेवढ्या विरघळल्या.

सोमनाथकाका वर येताच पूजाकाकू कडाडल्या, "तुम्हाला मोटर आठवली नाही?"

"आठवली की! दोनदा आठवली. बाई म्हणाल्या नमस्कार करा, मी केला."

"मला तर वाटलं, मलाच घाम फुटलाय," पूजाकाकू ओशाळून म्हणाल्या.

आता सगळे वत्सलाबाईंकडे बघायला लागले. त्यांच्या साडीतूनही पाणी ठिबकत होतं. "मला कळलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "पण शिकवणारी मीच. मीच आधी डोळे कसे उघडायचे?"

नवसाबाईंनी तेजलच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "पोरी, लय उपकार झाले गं! बडबडू दे तुझं डोकं. ह्यांची शांत डोकी काय कामाची?"

तेजलचे डोळेच भरून आले. आपल्या डोक्याचे असे आभार आजवर कुणी मानले नव्हते. तिने स्वतःसुद्धा नाही. ती मनातल्या मनात डोक्याला म्हणाली, "थँक यू गं!" आणि ते, आश्चर्य म्हणजे, क्षणभर गप्प बसलं.

"बाई, मग उद्यापासून मी येऊ नको?"

"येऊ नको कशी? माझ्या शेजारी बसायचं!"

सगळे कोरड्या बाजूला सरकून पुन्हा बसले. डोळे मिटले. जरा वेळाने वत्सलाबाई कुजबुजल्या, "तेजल, माझा गॅस चालू राहिलाय असं मघापासून वाटतंय गं. बघून येतेस?"

तेजल उठली.

"जातेच आहेस तर आमच्या दाराला कुलूप आहे का बघ," पूजाकाकू डोळे न उघडता म्हणाल्या.

"आणि मोटर खरंच बंद झालीय ना, तेही," सोमनाथकाका.

तेजल दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरली. तिचं डोकं अखंड बडबडत होतं. वर गच्चीवर मात्र त्या सकाळी पहिल्यांदाच सगळ्यांचं ध्यान अगदी छान लागलं.