मैदानातली खुर्ची

तपासनीस यायला दहा मिनिटं होती आणि सातवी 'ब'च्या वर्गात एकही बाक नव्हता.

"माझी खुर्चीही दिसत नाही," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणे बोलल्या की शाळा दबकून चाले.

"मैदानात आहे," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. "तिच्या सुताराचा पत्ता लागला नाही."

झालं होतं असं. विज्ञानाच्या बाईंनी मुलांना फेअर ट्रेड शिकवला. वस्तू बनवणाऱ्याला रास्त मोबदला मिळाला का, हे विचारायचं. पुरावा असेल तर हिरवी चिठ्ठी. नसेल तर लाल, आणि ती वस्तू वर्गाबाहेर. बाईंच्या डोळ्यांसमोर चहाचा पुडा आणि चॉकलेट होतं. कुठं थांबायचं, ते सांगायचं राहिलं. आता तपासनिसांनी या प्रकल्पाला चांगला शेरा दिला, तरच बाईंची नोकरी कायम होणार होती.

तपासनीस दारातच अडले. जिला सगळे 'वकिलीण' म्हणत, ती वर्गातली मुलगी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन उभी होती.

"साहेब, बूट कोणी शिवले?"

"दुकानातून आणलेत."

"दुकान शिवत नाही." लाल चिठ्ठी. बूट बाहेर. "मोजे?"

"सासूबाईंनी विणलेत," ते अभिमानानं म्हणाले.

"त्यांना काय दिलंत?"

"द्यायचं काय? मीच त्यांच्या घरी राहतो."

"म्हणजे विणतात त्या आणि राहता तुम्ही." मोजेही बाहेर गेले.

तपासनीस अनवाणी आत आले. मोठ्या बाईंनी घाईघाईनं फलकावरचा पडदा बाजूला ओढला. 'रास्त मोबदल्याची शाळा'. अक्षरं सुरेख होती. शिपाईमामांनी दोन रविवार खपून रंगवली होती.

"मामा, याचे किती मिळाले?"

"मला? चहा मिळाला की."

"चहाचा पुडा परवाच लाल झालाय," मागून कुणीतरी आठवण करून दिली. फलक मैदानात गेला.

मग वकिलीण विज्ञानाच्या बाईंकडे वळली. आवाज जरा उतरला होता.

"बाई, या प्रकल्पासाठी तुम्ही रोज संध्याकाळी थांबत होतात. त्याचं काय मिळालं?"

बाईंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मग खरं ते सांगितलं. "काही नाही."

"सॉरी बाई. नियम तुमचाच." तिनं बाईंच्या खांद्यावर लाल चिठ्ठी चिकटवली. बाई पिशवी उचलून मैदानात गेल्या आणि फलकाशेजारच्या बाकावर बसल्या.

पाच मिनिटांनी तपासनीस पाय चटचट उचलत बाहेर आले. मागून मोठ्या बाई.

"मुलांना विषय कळलाय," तपासनीस बूट शोधत म्हणाले. "शेरा उत्तम देतो. पण रास्त मोबदला मिळून बाई आत आल्याशिवाय मुलं पुढचा तास सुरू होऊ देत नाहीत."

मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला. स्वतःच्या बेवारस खुर्चीत बसून नोकरी कायम केल्याचा कागद मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

"मोठ्या बाई," वकिलीण खिडकीतून म्हणाली, "ते पेन कोणी बनवलंय?"

पेन हवेत थांबलं. विज्ञानाच्या बाई उठून उभ्या राहिल्या.

"त्याला हिरवी लाव."

"पुरावा, बाई?"

"सही झाल्यावर देते."